छातीभर समुद्रातली पेटी

"लिहून घ्या, जावईबापू," मामा म्हणाले. "तीक्ष्ण नजर, थंड डोकं, पोलादी मन आणि..." गिऱ्हाइकांना फ्रेम लावून बघण्यासाठी ठेवलेल्या आरशात त्यांनी स्वतःला जरा तिरकं न्याहाळलं. "आणि भारदस्त व्यक्तिमत्त्व."

"भारदस्त दोनदा येऊन गेलंय, मामा."

"मग वजनदार लिहा."

याला जावयाची काहीच हरकत नव्हती. सासरे वजनदार होते याबद्दल दुमत नव्हतं. दुकानातलं फिरतं स्टूल त्याची साक्ष द्यायला गेल्या वर्षापर्यंत हयात होतं. त्याने 'वजनदार व्यक्तिमत्त्व' लिहिलं आणि हा सगळा मजकूर एका व्हिजिटिंग कार्डावर मावायचा नाही हे हळूच सुचवलं.

"मग उरलेला मागच्या बाजूला छापू," मामा म्हणाले. "माणूस मोठा असला की कार्डाला दोन बाजू लागतातच."

मामांचं चष्म्याचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'चष्मे' आणि खाली अगदी बारीक अक्षरांत 'गुप्त चौकशा' असं लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांचं कारण ते असं सांगत, की ज्याला खालची ओळ वाचता येत नाही त्याला वरच्या ओळीची गरज आहे. लग्नानंतर जावई दुकानात काचा घासायला म्हणून आला आणि गुप्त चौकशांचा मदतनीस कधी झाला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मदतनिसाचं काम एकच होतं. मामा "लिहून घ्या" म्हणाले की लिहून घ्यायचं.

मामांची चौकशीची पद्धत जगावेगळी होती. साक्षीदार "मी पाहिलं" म्हणाला, की ते आधी त्याला खरंच दिसतं का ते तपासत. त्यासाठी अक्षरांचा तक्ता आणि एक लांब छडी ते सगळीकडे बरोबर नेत. तक्ता भिंतीला टांगायचा, साक्षीदाराला एका डोळ्यावर हात ठेवायला लावायचं, छडी अक्षरावर टेकवायची आणि म्हणायचं, "खालची ओळ." या पद्धतीने आजवर एकही चोर सापडला नव्हता, पण साक्षीदारांपैकी निम्म्यांना चष्मे लागले होते. शिंप्याची हरवलेली कात्री चौकशी रंगात आलेली असताना शिंप्याच्या बायकोला कापडाखाली सापडली, तेही प्रकरण मामा आपल्याच खात्यात धरत. आपण चौकशी सुरू केली नसती तर तिने कापड उचललंच नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर कार्डाचा मजकूर चालू असताना दुकानात फोटो स्टुडिओवाला घुसला. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. मामा तेव्हा एका गिऱ्हाइकाचा उजवा डोळा झाकून डावा तपासत होते. स्टुडिओवाला थेट काउंटरच्या मागे गेला आणि जावयाच्या कानात कुजबुजला, "घात झाला रे. पेटी गायब आहे."

जावयाने हातातला कागद खाली ठेवला.

त्याचं असं झालं होतं. स्टुडिओवाल्याला लोकांची लग्नं टिपून टिपून कंटाळा आला होता, आणि गेली काही वर्षं तो स्वतःच दिग्दर्शक होऊन एक सिनेमा काढत होता. नाव होतं 'खोल खोल खजिना'. समुद्रात बुडालेलं जहाज, त्यातली सोन्याची पेटी, ती आणायला बुडी मारणारा धाडसी नायक. नायक म्हणून घेतला होता मोटार शिकवणारा मास्तर. दिसायला राजबिंडा, पण पाणी घोट्याच्या वर आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. त्यामुळे पाण्याखालचं सगळं काम तोंडाला मास्क आणि पायाला बदकी पंजे लावून जावई करत होता. तो लहानपणापासून पट्टीचा पोहणारा होता. सिनेमाभर तो नायक म्हणून पोहला, एका माशाशी झुंजला, आणि त्याचा चेहरा कुठेही दिसला नाही.

फक्त शेवटचं दृश्य वेगळं होतं. नायकाने पेटी उचलायची, मास्क काढायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मास्तर पाण्यात पाय घालायला तयार होईना. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "मग मास्क तूच काढ. खजिना शोधण्याच्या कष्टांनी नायकाचा चेहरा पालटला, असं प्रेक्षक समजून घेतील." त्या दिवसापासून जावई काचा घासताना काचेत बघून हसायचा सराव करत होता. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्याचं स्वतःचं होतं, कुणाचं लिहून घेतलेलं नव्हतं. बायकोने माहेरच्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं. फक्त वडिलांना सोडून, कारण सिनेमा म्हटलं की मामांचं डोकं फिरे. अंधारात बसून डोळे फोडून घ्यायचा धंदा, असं ते म्हणत. त्या धंद्यावर आपलं दुकान चालतं हे मात्र विसरत.

"पेटी?" मामा गिऱ्हाइकाला सोडून वळले. त्यांची नजर कशीही असो, कान फार तीक्ष्ण होते. "कुठली पेटी? केव्हा? कुणाची? बोलू नका, मी ओळखतो. आपण माझ्याकडे मदत मागायला आलात."

"मी खरं तर यांच्याकडे..." दिग्दर्शक जावयाकडे बोट दाखवू लागला आणि जावयाने काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"हे माझे मदतनीस. सगळे आधी यांच्याकडेच येतात, माझ्याशी बोलायचा धीर होत नाही म्हणून," मामा म्हणाले. "प्रकरण मी घेतलं. जावईबापू, तक्ता घ्या."

घटनास्थळ म्हणजे व्यायामशाळेचा पोहण्याचा तलाव. एका टोकाला निळं कापड ताणलं होतं, तो समुद्र. त्याच्यापुढे प्लास्टिकचं शेवाळं आणि दोऱ्याला लटकवलेला मासा. सगळ्यात खोल ठिकाणी पाणी माणसाच्या छातीपर्यंत येत होतं.

"आज ऊन आहे तोवर शेवटचं दृश्य झालं तर झालं," दिग्दर्शक रडवेल्या आवाजात सांगू लागला. "उद्या सकाळी तलावातलं पाणी सोडणार आहेत. फरशा बदलायच्या आहेत, महिनोन्महिने काम चालेल. काल संध्याकाळी पेटी मी स्वतः तळाशी ठेवली होती. जरा पाण्यात मुरावी, जुनी दिसावी म्हणून. सकाळी बघतो तर तळ रिकामा."

"पेटी कशाची?"

"आत पातळ फळ्या, वरून थर्मोकोल, त्यावर सोनेरी रंग."

"आणि आत सोनं?"

"आत सोनं दाखवायला बजेट नव्हतं. पेटी उघडतच नाही सिनेमात."

मामांनी मान डोलावली. मग त्यांना कोपऱ्यात मिठाची रिकामी पोती दिसली आणि त्यांनी भुवई उंचावली. तलावाचा राखणदार तिथेच जाळी घेऊन उभा होता. त्याने पोत्यांची सगळी कहाणी तक्रारीच्या सुरात सांगितली. पहिल्याच दिवशी या लोकांनी एक पोतं मीठ तलावात ओतलं होतं. म्हणे समुद्राचं पाणी खारं असतं.

"कॅमेऱ्याला खोटेपणा लगेच कळतो," दिग्दर्शक म्हणाला.

"मी दुसरं पोतं ओतू दिलं नाही," राखणदार म्हणाला. "आणि दगडही आणू दिले नाहीत पाण्यात. फरशी फुटली तर जबाबदार कोण?"

"म्हणून मग ते उरलेलं मीठ आम्ही..." दिग्दर्शक सांगू लागला.

"विषय पेटीचा आहे," मामांनी त्याला थांबवलं. "स्वयंपाकाचा नाही. इथे बसायला काही आहे का?"

राखणदाराने भिंतीशी उन्हात पालथं ठेवलेलं एक पांढुरकं खोकं सरकवलं. मामा त्यावर बसले. खोकं करकरलं, पण टिकलं. पुढची सगळी चौकशी त्यांनी त्या आसनावरून केली.

पहिला साक्षीदार राखणदार. तक्ता निळ्या समुद्रावर टांगला गेला. राखणदाराने एक डोळा झाकला आणि सगळ्यात वरचं, टोपलीएवढं अक्षर सोडून बाकी काहीही त्याला वाचता येईना.

"तुम्हाला दूरचं अजिबात दिसत नाही," मामा समाधानाने म्हणाले. "उद्या दुकानात या. बरं, आज सकाळी तलावात काही संशयास्पद?"

"नाही साहेब. रोजच्यासारखा कचरा तरंगत होता. जाळीनं ओढून काढला."

"कसला कचरा?"

"कचराच. आज जरा मोठा होता."

"लिहून घ्या, जावईबापू. कचरा, कंसात मोठा. याचा प्रकरणाशी संबंध नाही, पण माझं बारकाव्यांकडे किती लक्ष असतं हे नोंदलेलं बरं."

जावयाने लिहून घेतलं. त्याचं लक्ष निळ्या कापडावरून हळूहळू सरकणाऱ्या उन्हाकडे होतं.

मामांचा पहिला तर्क तलावाच्या तळातल्या भोकाबद्दल होता. त्यांनी जावयाला काठावर पालथं झोपवून, डोळ्यांतलं अंतर मोजायच्या पट्टीने भोक मोजायला लावलं. भोक मुठीएवढं होतं. "म्हणजे चोराने पेटीचे तुकडे केले, भोकातून सोडले आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला जोडून घेतले," मामा म्हणाले. नळाचं दुसरं टोक व्यायामशाळेच्या मागच्या गटारात होतं आणि तिथे एक म्हैस सोडून कुणी नव्हतं. मामांनी म्हशीला संशयातून मुक्त केलं, पण लगेच नाही.

दुसरा तर्क मास्तरबद्दल होता. मास्तर बाहेर आपल्या मोटारीतच बसून होता, कारण तलावाच्या नुसत्या वासानेही त्याला कसंतरी व्हायचं. त्याने मोटारीत बसल्या बसल्या तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मामांना हा फारच नाठाळ साक्षीदार वाटला.

"ज्याला पाण्याची एवढी भीती वाटते," ते जावयाला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला पाण्यात काहीतरी भयंकर घडलंय हे आधीच ठाऊक असणार."

"ते लहानपणापासून घाबरतात, मामा."

"म्हणजे कट किती जुना आहे बघा."

मास्तरने पेटीला कधी हातही लावला नव्हता, हे सिद्ध व्हायला बराच वेळ गेला. मामा पुन्हा खोक्यावर येऊन बसले. खोकं पुन्हा करकरलं. दिग्दर्शक गुडघ्यांत डोकं घालून तलावाच्या कडेला बसला होता आणि मधून मधून रिकाम्या तळाकडे बघत होता. सिनेमाचा शेवटच नसेल तर सिनेमाच नाही, असं तो स्वतःशी पुटपुटत होता. जावयाला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

तेवढ्यात मामांना फरशीवर खारं पाणी वाळून उमटलेले रुंद, पसरट पायांचे पांढरे ठसे दिसले.

"हे कुणाचे?"

"पाणबुड्याचे. काल सराव केला होता त्याने," दिग्दर्शक बोलून गेला.

"म्हणजे या सिनेमात एक असा माणूस आहे जो सतत पाण्यात असतो, आणि ज्याचा चेहरा कुणीही पाहिलेला नाही?" मामा ताडकन उभे राहिले. "लिहून घ्या, जावईबापू. गुन्हेगार सापडला. उंच, किडकिडीत, डावा पाय जरा आत वळलेला. दिसायला गरीब पण आतल्या गाठीचा. घरी फारसं कुणी विचारत नसावं. दुसऱ्याच्या जिवावर जगण्याची सवय. बुद्धी बेताची. लिहिलंत?"

"बेताची," जावई लिहिता लिहिता म्हणाला. "लिहिलं."

"अशा माणसाला मी अंधारातसुद्धा ओळखेन."

याच क्षणी तलावाच्या फाटकातून सासूबाई आत आल्या. त्यांच्या चालीवरूनच कळत होतं की आता कुणाचं तरी काही खरं नाही.

"दुकानात ते गिऱ्हाईक मघापासून एका डोळ्यावर हात धरून बसलंय," त्या म्हणाल्या. "हात काढू का, म्हणून मला विचारतंय. मी काय सांगू?"

"आम्ही एका भयंकर प्रकरणाच्या तळाशी आलोय," मामा म्हणाले आणि तळ दाखवायला तलावाकडे वळले.

सासूबाईंना त्यांची पाठ दिसली. "अहो, तुमच्या पँटला मागे हे काय लागलंय? सोनेरी?"

सगळ्यांनी बघितलं. मामांच्या पँटच्या बैठकीवर एक मोठा, पुसट सोनेरी चौकोन उमटला होता. मामा स्वतःभोवती गोल फिरले, पण तो चौकोन काही त्यांच्या नजरेस पडेना.

"कशावर बसला होतात?" सासूबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खोकं उलटं केलं. खाली मिठाच्या रिकाम्या कापडी पिशव्या निघाल्या, चिंब ओल्या. एका कोपऱ्यात सोनेरी रंगाचा ओघळ अजून टिकून होता.

दिग्दर्शक उठून उभा राहिला.

"यात मीठ कुणी भरलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी," दिग्दर्शक म्हणाला. "थर्मोकोल तरंगतो ना. दगड टाकू देत नव्हते, मीठ उरलं होतं. जड होतं. मघाशी तेच सांगत होतो."

"आणि रात्रभर पाण्यात ठेवलंत?"

"हो."

सासूबाई त्याच्याकडे जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मीठ पाण्यात विरघळतं, हे त्याला सांगावं की नाही असा प्रश्न त्यांना पडला असावा. सांगायची गरज पडली नाही. मीठ गेलं, पेटी हलकी झाली, वर आली, रंग धुऊन गेला, आणि दूरचं अजिबात न दिसणाऱ्या राखणदाराने ती जाळीने ओढून उन्हात वाळत घातली.

"मोठा कचरा," राखणदार ओशाळून म्हणाला.

"तो मुद्दा मी नोंदवूनच ठेवला होता," मामा म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

ऊन झपाट्याने कलत होतं. दिग्दर्शकाने पेटीवर घाईघाईने प्लास्टिकचं शेवाळं चिकटवलं. जावई वही खाली ठेवून हळूच कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि मास्क लावून, बदकी पंजांनी फटक फटक करत बाहेर आला. आज मामा ओरडले तरी ओरडोत, असं त्याने ठरवलं होतं.

मामा ओरडले नाहीत. ते झेपावले. "हाच तो चेहरा लपवणारा," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी मास्क ओढून काढला आणि जावयासमोर, त्याच्या नाकाला नाक लागेल एवढ्या अंतरावर, उभे राहिले. इतक्या जवळून त्यांनी जावयाकडे कधी बघितलंच नव्हतं.

"जावईबापू?"

"हो, मामा."

"तुम्हाला पोहता येतं?"

"लहानपणापासून."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," जावई म्हणाला. आता थांबायचं नव्हतं. "तुम्ही फक्त 'लिहून घ्या' म्हणता. या सिनेमात शेवटी मी मास्क काढणार आहे. माझा चेहरा दिसणार आहे. आज झालं नाही तर कधीच नाही."

मामांनी हातातल्या मास्ककडे बघितलं. मग सासूबाईंकडे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मला माहीत होतं."

तेवढ्यात तलावातून दिग्दर्शकाचा हताश आवाज आला. तो पेटी बुडवत होता आणि पेटी पुन्हा पुन्हा वर येत होती. मीठ संपलं होतं. दगडांचं नाव काढताच राखणदाराने जाळी आडवी धरली. पेटी खाली दाबून धरायला कुणीतरी वजनदार माणूस हवा होता.

सगळे एकाच दिशेला बघू लागले.

"खोल किती आहे?" मामांनी विचारलं.

"छातीएवढं."

"कुणाच्या छातीएवढं?"

मामांना पोहता येत नव्हतं. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही. पण शिडीचा दांडा त्यांनी ज्या तऱ्हेने धरला त्यावरून ते सगळ्यांना कळलं. ते पायरी पायरीने उतरले, पेटीच्या मागे गेले, तिच्यावर दोन्ही हात टेकवले, आणि चष्मा काढायला साफ नकार देऊन, नाक न दाबता, खाली बसले. पेटी निमूटपणे त्यांच्याबरोबर तळाशी गेली. जावई पाण्यात शिरला. दिग्दर्शकाने कॅमेरा त्याच्या पारदर्शक खोक्यातून पाण्यात धरला. उन्हाचा शेवटचा पट्टा शेवाळ्यावर होता तोवर एकदाच ते दृश्य घेता आलं.

पुढे एका रविवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात पडदा लावून 'खोल खोल खजिना' दाखवला गेला. सिनेमा फारच वाईट होता. समुद्राच्या तळाला फरशांच्या रेघा दिसत होत्या. झुंजीच्या वेळी माशाचा दोरा जावयाच्या कानात अडकला होता. मास्तर जमिनीवर ठेवलेल्या नावेत उभा राहून एवढं लांब भाषण करत होता की कुणीतरी मागून विचारलं, मध्यंतर शेवटाच्या आधी आहे का नंतर. बायको दर थोड्या वेळाने जावयाला म्हणत होती, "आता येईल." मामा पहिल्या रांगेत, आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाच्या अंधारात, छडी मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

शेवटचं दृश्य आलं. पाणबुड्या तळाशी गेला. तिथे पेटी होती आणि पेटीच्या मागे, शेवाळ्यातून, एक गोल, गुळगुळीत टक्कल वर आलं होतं. टकलाखाली चष्मा होता. चष्म्यामागे दोन डोळे कमालीचे विस्फारलेले होते.

"अरे, हे तर आपले चष्मेवाले," कुणीतरी म्हणालं.

सभागृहात हशा फुटला. माणसं पोट धरून हसली. त्या हशात पाणबुड्याने पेटी उचलली, वर आला, मास्क काढला, हसला आणि सिनेमा संपला. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. जावई मान खाली घालून बसून राहिला. बायकोने त्याचा हात धरला, पण तीही थोडी हसत होती, आणि त्याला तिचा राग येईना.

मामा उठले. ते मागे दिग्दर्शकापाशी गेले. "मागे घ्या," म्हणाले. "मास्क काढतो तिथे. आणि थांबवून ठेवा."

मग ते छडी घेऊन पडद्याजवळ आले. पडद्यावर जावयाचा चेहरा थांबला होता, ओला, भलामोठा, जरा वाकडं हसणारा. मामांच्या टकलाची सावली त्याच्या हनुवटीवर पडत होती. त्यांनी छडीचं टोक बरोबर त्या चेहऱ्यावर टेकवलं.

"हसून झालं असेल तर इकडे बघा," मामा म्हणाले. "हे कोण?"

निम्म्या लोकांनी त्यांच्याकडे कधी ना कधी डोळे तपासून घेतले होते. सवयीने काहींचा हात एका डोळ्यावर गेला.

"तुमचे जावई," राखणदार मागून म्हणाला. त्याच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता.

"सगळ्यांनी मिळून."

"तुमचे जावई," सगळं सभागृह एका सुरात म्हणालं.

"बरोबर. नजर चांगली आहे सगळ्यांची," मामा म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि जावयाकडे झुकले.

"त्या कार्डाचा कच्चा कागद आहे का तुमच्याकडे?"

जावयाने खिशातून कागद काढला आणि सवयीने पेनही उघडलं. "सांगा, मामा."

"नको. द्या इकडे, मी लिहितो."

मामांनी कागद गुडघ्यावर धरला, 'वजनदार व्यक्तिमत्त्व' यावर काट मारली, आणि 'थंड डोकं, पोलादी मन आणि' याच्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जावई'.